भावाने बोलणं तोडलंय. येशूच्या शिकवणीप्रमाणे मी किती वेळा त्याच्याकडे जात राहावं?

क्षमा करायला मर्यादा नाही, पण त्याच्या दारात जाण्याला आहे. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात दोन्ही गोष्टी आहेत. आपण बहुधा 22व्या वचनातलं ‘साताच्या सत्तर वेळा’ तेवढंच लक्षात ठेवतो. ते येशूचा शिष्य पेत्र याच्या क्षमेबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर आहे. भावाकडे कसं जायचं ते त्याआधी, 15 ते 17 या वचनांत येतं:

- आधी एकट्याने जा आणि दोघांतच बोला.
- ऐकलं नाही तर एक-दोन जण सोबत न्या.
- तरीही नाही, तर मंडळीला (चर्चच्या लोकांना) सांगा. तिचंही ऐकलं नाही, तर तो परराष्ट्रीय किंवा जकातदारासारखा समजा. (लोक ज्यांना टाळायचे त्या जकातदारांच्या पंगतीलाही येशू बसायचा, हे ध्यानात असू द्या.)

बिघडतं ते पहिल्याच पायरीवर. भावाशी बोलण्याआधी विषय नातेवाइकांत आणि चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेला असतो. मग सोबत नेलेली माणसं त्याला तुमच्याच बाजूची वाटतात.

दार बंदच झालं तर काय, यासाठी लूकच्या शुभवर्तमानातलं 9:51-56 जरूर वाचा. शोमरोनी (यहूद्यांशी वैर असलेल्या लोकांचं) गाव येशूला उतरू देत नाही, त्याचे शिष्य याकोब आणि योहान आकाशातून अग्नी मागायला निघतात. येशू त्यांनाच दटावतो आणि सगळे दुसऱ्या गावाला जातात. पुढच्याच अध्यायात तो दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगतो!

मात्र मारहाण किंवा धमक्या असतील तर एकटे जाऊ नका. पाळकांना सांगा, गरज पडली तर पोलिसांतही जा. प्रेषित पौलानेसुद्धा कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली होती (प्रेषितांची कृत्ये 25:11).