हा लाँगच्या कार्निव्हलसाठी सुट्टीच्या तारखा जुळवाव्यात का?

तुम्ही विचारलंय की मे महिन्याच्या सुट्टीत आई-वडील आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन व्हिएतनामला जायचंय, तर हा लाँगचा कार्निव्हल मिळावा म्हणून तारखा अलीकडे ओढाव्यात का, तो गोव्यासारखाच असतो का, आणि आईच्या शाकाहारी जेवणाचं काय. आम्ही चौघं जाऊन आलोय, मी, नवरा आणि माझे आई-बाबा, त्यामुळे स्पष्ट सांगते. तारखा ओढा, नक्की ओढा. फक्त कार्निव्हलच्या रात्रीसाठी नाही, त्याच्या आदल्या रात्रीसाठी ओढा. का ते सांगते, थोडं लांबेल.

आधी गोव्याचं. गोव्याचा कार्निव्हल पोर्तुगिजांकडून आलेला, ख्रिश्चनांचा लेंटचा उपवासाचा काळ सुरू व्हायच्या आधीचे ते खाण्यापिण्याचे दिवस, म्हणून तो ईस्टरच्या हिशोबाने फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो. हा लाँगच्या कार्निव्हलमागे असं धार्मिक काही नाही. क्वांग निन्ह प्रांताने २००७ साली पर्यटनासाठी तो सुरू केला, उन्हाळी सीझनची सुरुवात म्हणून, आणि ३० एप्रिल-१ मे ची सुट्टी धरून. १९७५ साली ३० एप्रिललाच दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडली आणि व्हिएतनाम युद्ध संपलं, त्यामुळे तो दिवस त्यांच्यासाठी फार मोठा, आणि दुसऱ्या दिवशी कामगार दिन, म्हणजे आपला महाराष्ट्र दिन. आपल्या शाळांच्या सुट्टीत बरोबर बसतं ते. पण त्याच सुट्टीत अर्धं हनोई पण समुद्राकडे निघालेलं असतं हे लक्षात ठेवा. नेमकी तारीख आणि जागा दरवर्षी बदलते, त्यामुळे मागच्या वर्षीची तारीख बघून तिकीट काढू नका, जाहीर झाली की मगच काढा.

आता गावाचं थोडं सांगते, कारण त्याशिवाय कार्निव्हल कळत नाही. हा लाँग म्हणजे 'खाली उतरणारा ड्रॅगन'. आपल्याला माहीत असतो तो फोटोतला उपसागर, समुद्रातून वर आलेले ते चुनखडीचे डोंगर, १९९४ पासून जागतिक वारसा. पण गाव दोन भागांत आहे, मध्ये खाडी आणि त्यावर २००६ च्या डिसेंबरात सुरू झालेला केबलचा मोठा पूल. अलीकडे बाय चाय, म्हणजे बीच, हॉटेलं, केबल कार. पलीकडे होन गाय, आणि होन गाय म्हणजे कोळशाचं गाव. हे मला जायच्या आधी माहीत नव्हतं. आम्ही चंद्रपूरचे, माझे बाबा ३४ वर्षं खदानीत होते, त्यातली बरीचशी अंडरग्राउंड. आणि आम्ही हनोईहून येताना शहर जवळ आलं तसे बाबा खिडकीला चिकटून बसले, म्हणाले अगं हे तर डम्प आहेत, कोळशाच्या खदानीतून काढलेल्या मातीचे ढीग, इथे माइन्स आहेत. आम्ही बाकीचे समुद्र शोधत होतो आणि ते डम्प बघत होते.

तर ती आदली रात्र. आम्ही कार्निव्हलच्या दोन दिवस आधीच पोचलो होतो, आदल्या रात्री जेवण झाल्यावर बाय चायच्या समुद्राकाठच्या रस्त्याने फिरायला निघालो तर पुढे रस्ता माणसांनी भरलेला, स्पीकर, लाइट, आणि सगळे पूर्ण पोशाखात. आम्हाला वाटलं तारीख चुकली की काय आपली. मग पाणी विकणाऱ्या एका मुलीने फोनवर ट्रान्सलेट करून दाखवलं की ही रंगीत तालीम आहे. तिकडे त्याला 'तोंग झुएत' म्हणतात, मोठ्या कार्यक्रमाच्या आधी पूर्ण पोशाखात, पूर्ण लाइट लावून अख्खा कार्यक्रम एकदा करून बघतात. आणि आम्ही गेलो तेव्हा त्या तालमीला ना पास होता ना बॅरिकेड, गावातली माणसं घरच्या चपलांवर, पोरं कडेवर घेऊन आलेली. आपल्याकडे गणपतीच्या आधी ढोलपथकांची तालीम बघायला जशी सगळी गल्ली जमते ना, तसं.

तिथे जे बघितलं ते दुसऱ्या दिवशी बघायला मिळालं नाही. शाळेच्या मुलींचा एक ग्रुप होता, पाठीला तारेचे मोठे पंख बांधलेले, निळे, त्यात बारीक बल्ब. एकीच्या पंखाची तार निसटून खांद्यात टोचत होती, तर बहुतेक तिची आईच असेल, ती फुटपाथवर गुडघ्यावर बसून दाताने सेलोटेप तोडून तार गुंडाळत होती आणि मुलगी तेवढ्यात पाय तसेच ताल धरून हलवत होती, कारण त्यांचा नंबर जवळ आला होता. माझी आई पर्समधून सेफ्टी पिन काढून पुढे झाली. दोघींनी मिळून पंख बसवला, एकमेकींचा एक शब्द कळत नसताना, आणि मुलगी पळाली. मागे डोंगराळ भागातल्या झाओ लोकांच्या बायका होत्या, डोक्याला लाल कापड, भरतकाम केलेले कपडे, त्यांच्यातल्या दोघी रस्त्याच्या कडेला बसून कणीस खात होत्या. लांबलचक ड्रॅगन नाचवणारी मुलं ड्रॅगनचं डोकं खाली ठेवून त्याच्याच सावलीत आडवी झालेली.

आणि मग खदानीचे लोक आले. गडद निळे कपडे, हेल्मेट, हेल्मेटवर दिवा. पन्नास-साठ जण असतील, रांगेत उभे, त्यांच्या पुढे मोठं बॅनर. बाबा गप्प झाले. त्यांचा नंबर व्हायला वेळ होता, तर त्यातला एक पन्नाशीचा माणूस फुटपाथवर त्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून गार चहा पीत होता. बाबा त्याच्याजवळ गेले आणि फोनमधला स्वतःचा रिटायरमेंटच्या दिवसाचा फोटो त्याला दाखवला, त्यात त्यांच्या डोक्यावर कॅप लॅम्प आहे, कमरेला बॅटरी, तोंड काळं. त्या माणसाने फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, दिव्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या दिव्यावर. मग खाली बोट करून बाबांकडे बघितलं, म्हणजे जमिनीखाली का? बाबांनी मान हलवली. त्याने बोटांवर दाखवलं, २७ वर्षं. बाबांनी ३४ दाखवली तर त्याने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि दुसरा स्टूल ओढून दिला. मग बर्फ घातलेल्या चहाचा ग्लास आला, त्याला ते 'चा दा' म्हणतात, बाबांनी पैसे काढले तर चहावाल्या बाईला त्याने काहीतरी सांगितलं आणि तिने घेतलेच नाहीत. दहा-पंधरा मिनिटं दोघं शेजारी शेजारी बसले होते, काही न बोलता. मग शिट्टी झाली आणि तो हेल्मेट घालून रांगेत गेला, आणि पुढे जाताना त्याने दिवा दोनदा चालू-बंद केला, आमच्या दिशेने.

बाबांना मी इतकं हललेलं क्वचितच बघितलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच म्युझियमला चला म्हणून सांगितलं. तुम्हीही जा, होन गायच्या समुद्राकाठी आहे, बाहेरून पूर्ण काळ्या काचेची इमारत, कोळशासारखी चमकणारी, आणि आत वरच्या मजल्यावर कोळशाचा सगळा इतिहास आहे. फ्रेंचांच्या काळात इथे कोळसा निघायला लागला, मजुरांचे फार हाल होते आणि १९३६ च्या नोव्हेंबरात ३० हजारांहून जास्त खाण कामगारांनी संप केला. त्या संपाचं घोषवाक्य होतं 'शिस्त आणि एकजूट', आणि १२ नोव्हेंबर हा दिवस तिथले खाणवाले अजून पाळतात. आदल्या रात्री त्यांच्या बॅनरवर काय लिहिलं होतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं, म्युझियममध्ये तीच अक्षरं भिंतीवर दिसली तेव्हा कळलं.

आता मुख्य रात्र. वाईट नाही, पण तो आता टीव्हीवर लाइव्ह जाणारा मोठा स्टेज शो असतो. मोठं स्टेज, गायक, भाषणं, निवेदन व्हिएतनामीत, आणि समोरच्या जागा पासवाल्यांना. आम्ही बाहेर स्क्रीनपाशी उभे होतो. रथ, पथकं हे सगळं असतं पण लांबून दिसतं. शेवटी समुद्रावर आतषबाजी होते ती मात्र अप्रतिम, डोंगरांचे काळे आकार मागे एकदम उजळतात आणि आवाज त्यांच्यावर आपटून परत येतो, तेवढ्यासाठी तरी जाच. मुलीच्या कानात घालायला कापूस न्या. आणि एक चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका, आमच्या हॉटेलवाल्याने सांगितलं होतं की संध्याकाळी टॅक्सीने दहा मिनिटांत पोचाल, आम्ही विश्वास ठेवला, पण रस्ते दुपारपासूनच बंद झाले होते, टॅक्सीने अलीकडेच उतरवलं आणि आईला गुडघे दुखत असताना दोन किलोमीटर चालावं लागलं, परत येताना तर गर्दीत अजून जास्त. तुमच्या आई-वडिलांसोबत मुख्य रात्र करायची असेल तर त्या जागेपासून चालत जाता येईल असंच हॉटेल घ्या, नाहीतर पलीकडच्या किनाऱ्यावरून नुसती आतषबाजी बघा, पाण्यावरून छान दिसते.

खाण्याचं. तुम्ही मासे खात असाल तर 'चा मुक' खाल्ल्याशिवाय येऊ नका, ते हा लाँगचंच. माकुळ मोठ्या दगडी उखळात हाताने कुटतात, मशीनमध्ये वाटत नाहीत, त्यामुळे चावताना तुकडा लागतो, मग हाताने थापून तेलात तळतात आणि चिकट भातासोबत देतात. होन गायच्या मार्केटमध्ये कुटायचा तो ठक-ठक आवाज लांबूनच येतो, दोन्ही हातात मुसळ धरून कुटत असतात, तिथेच उभं राहून गरम घ्या. आईसाठी मात्र तयारी करून जा. तिथे माशाचा सॉस सगळ्यात पडतो, साध्या परतलेल्या पालेभाजीत पण, आणि 'नो मीट' म्हटलं की त्यांना वाटतं मासे चालतात. 'आन चाय' म्हणायचं, म्हणजे शाकाहार, पण उच्चारात गडबड होते म्हणून त्यांच्या भाषेत लिहून फोनमध्ये ठेवा आणि खाली माशाचा सॉस नको हेही लिहा. बौद्ध लोक अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला शाकाहार पाळतात त्यामुळे चाय पाटीची छोटी हॉटेलं असतात, आईला तिथे टोमॅटोतलं टोफू आणि लसूण घालून परतलेली, पाण्यात वाढणारी एक पालेभाजी फार आवडली. तरी तिने नेलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी चौथ्या दिवशी संपली तेव्हा वाईट वाटलं.

बाकीचं भराभर सांगते. ई-व्हिसा सरकारी साइटवरूनच काढा, एका एंट्रीचे २५ डॉलर, आणि तीन-चार आठवडे आधी अर्ज टाका कारण एप्रिलमध्ये हुंग राजांची, म्हणजे त्यांच्या आद्य राजांच्या स्मरणाची सुट्टी आणि नंतर ही ३० एप्रिलची, तिकडची ऑफिसं बंद असतात. हनोईहून हा लाँग साधारण दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, 'लिमोझिन' नावाच्या नऊ-दहा सीटच्या व्हॅन मिळतात, घरापासून घरापर्यंत, एरवी अडीच-तीन तास, सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी निघालात तर किती लागतील सांगता येत नाही. हवा चंद्रपूरसारखी भाजणारी नाही, पण घाम वाळतच नाही, आणि एखादी जोराची सर येतेच, छत्र्या न्या. क्रूझ कार्निव्हलच्या दिवसांत अजिबात करू नका, गर्दी संपल्यावर २-३ मे नंतर करा, भावही खाली येतात. गुहांना आणि बेटांवरच्या पॉइंटना पायऱ्या भरपूर आहेत, आई-वडिलांना बोटीवरच डेकवर बसू द्या, तिथून जे दिसतं ते काही कमी नाही. बोटीत लाइफ जॅकेट मुलीच्या मापाचं आहे का ते चढायच्या आधी बघा, आणि बंदरवाल्यांनी हवामानामुळे बोटी थांबवल्या तर वाद घालू नका, जुलै २०२५ मध्ये अचानक आलेल्या वादळात तिथे एक पर्यटक बोट उलटून बरेच लोक गेले.

तालमीची वेळ इंग्रजी साइटवर शोधू नका, मला तरी तिथे मिळाली नाही. पोचल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवर फोनमध्ये 'तोंग झुएत' हे दोन शब्द त्यांच्या भाषेत लिहिलेले दाखवून विचारा, किंवा रस्त्यावर चहा विकणाऱ्या बायकांना विचारा, त्यांना नक्की माहीत असतं कारण त्यांचा धंदा त्या रात्री असतो. आणि हॉटेल बुक करताना आधीच्या दोन रात्री धरा, मुख्य रात्रीची खोली नाही मिळाली किंवा महाग पडली तर सोडून द्या, त्या रात्री हनोईला परत गेलात तरी चालेल.