शिसे ओळखणारा डीएनए

प्रश्न : डीएनए आनुवंशिक माहिती साठवतो, एवढेच आम्ही शाळेत शिकलो. तो रासायनिक क्रियाही घडवतो आणि त्यामुळे पाण्यातील शिसे ओळखता येते, असे वाचनात आले. हे कसे घडते?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : शाळेत शिकलात ते बरोबरच आहे, सजीवांच्या पेशींत असे काम करणारा डीएनए आजवर सापडलेला नाही. पेशीत तो दोन पदरांच्या गोफासारखा असतो, परंतु एकच पदर मोकळा ठेवला तर तो स्वतःवर दुमडतो आणि त्या घडीत योग्य धातूचा आयन बसला की विकराप्रमाणे (एन्झाइमप्रमाणे) क्रिया घडवू शकतो. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संशोधन संस्थेत रोनाल्ड ब्रेकर आणि जेराल्ड जॉइस यांनी १९९४ मध्ये हे दाखवले. असा पदर त्यांनी आखून बनवला नाही, तर निवडून काढला : वेगवेगळ्या क्रमांचे अब्जावधी रेणू एका आधाराला बांधून त्यांवर शिशाचे द्रावण सोडले, ज्यांनी स्वतःचा बंध तोडला तेवढेच सुटून खाली आले, आणि त्यांच्या प्रती काढून तीच चाळणी पुन्हा पुन्हा लावली.

शिसे ओळखण्याची युक्ती या तोडण्यातच आहे. इलिनॉय विद्यापीठातील यी लू यांच्या गटाने २००० मध्ये तोडणारा आणि तुटणारा असे दोन वेगळे पदर घेऊन तुटणाऱ्या पदराच्या टोकाला चमकणारा रेणू जोडला आणि तोडणाऱ्या पदरावर, अगदी शेजारी, ती चमक दाबणारा रेणू ठेवला. शिसे आले की पदर तुटतो, तुकडा दूर जातो आणि द्रावण उजळते. पुढे २००३ मध्ये त्यांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरले. डीएनएने एकत्र गुंफलेले कण निळे दिसतात, तर शिशामुळे सुटे राहिलेले लाल. हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो, आणि मला या संशोधनात तीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण आपल्याकडील मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसे नसावे आणि इतके अल्प प्रमाण मोजण्यासाठी एरवी नमुना सुसज्ज प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. युरेनियमसाठी तर २०११ मध्ये मधुमेहींच्या घरातील ग्लुकोमीटरच कामी आला : सुटणाऱ्या तुकड्याला जोडलेले इन्व्हर्टेज हे विकर साध्या साखरेपासून ग्लुकोज तयार करते आणि मीटर तो आकडा दाखवतो.

मात्र सगळे पदर सारखे काटेकोर नसतात. शिशासाठी पुष्कळदा वापरला जाणारा ‘८-१७’ हा पदर जस्तानेही काही अंशी जागा होतो, त्यामुळे जस्ताचा मुलामा दिलेल्या जुन्या पाइपांतून आलेल्या पाण्यात जस्त अधिक असल्यास तो फसू शकतो. १९९४ मधील मूळ पदर, ‘जीआर-५’, शिशाशीच अधिक एकनिष्ठ असल्याचे नंतर आढळले.