यँकीजची टोपी घालून फेनवेत जाताना

बोस्टनच्या फेनवे पार्कात, म्हणजे रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या मैदानावर, त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क यँकीजची टोपी घालून खुशाल जा, फक्त टोमणे झेलायची तयारी ठेवा. 2004 चा विषय निघणारच: चार सामने जिंकायच्या मालिकेत यँकीज 3-0 ने पुढे असताना रेड सॉक्सने सलग 4 सामने जिंकले आणि मग 86 वर्षांनी वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिकाही जिंकली. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. आपली 27 विजेतेपदं सांगा, नाहीतर 2003 मध्ये यँकीजच्या एरन बूनने रेड सॉक्सविरुद्ध 11व्या इनिंगमध्ये मारलेल्या होम रनचा (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारा फटका) विषय काढा. इतकी चिडवाचिडवी चालते. खेळाडूची दुखापत आणि घरची माणसं मात्र वर्ज्य. ‘यँकीज सक्स’ ही आरोळी तर तिथे यँकीज खेळत नसले तरी उठते, मनावर घेऊ नका. पिचर चेंडू टाकत असताना मात्र जागेवरून उठू नका. मागच्याचं डोकं टोपीपेक्षा त्यानेच जास्त फिरतं.

शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉल मैदानावर वेगळीच गंमत. ब्लीचर्समध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या बाकांवर, पाहुण्या संघाच्या होम रनचा चेंडू हाती आला, की तो मैदानात परत फेकायचा. नाही फेकला तर आजूबाजूचे ओरडून हैराण करतात. मुरलेले लोक खिशात एक जुना चेंडू ठेवतात आणि तोच भिरकावतात.