सूफींना मशिदीबाहेर उभं करू नकोस

सप्रेम नमस्कार,

तुझ्या सूफी गाण्यांच्या कार्यक्रमाची संहिता वाचली. भाषा छान आहे, कव्वाल्यांची निवड त्याहून छान. पण पहिल्याच निवेदनात तू लिहिलं आहेस की सूफी म्हणजे कर्मठ इस्लामविरुद्ध बंड करून उठलेले प्रेमाचे यात्रेकरू. हे वाक्य आधी काढ. त्यावर टाळ्या हमखास पडतील, पण ज्यांच्याबद्दल ते लिहिलं आहे त्यांच्यातल्या बहुतेकांना ते कळलंही नसतं.

दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचंच बघ. त्यांच्या बैठकींतलं बोलणं अमीर हसन सिज्झी या शिष्याने १३०८ ते १३२२ या काळात टिपून ठेवलं. 'फवाइदुल फुआद' नावाने ते आजही वाचता येतं. त्यात प्रेम आहे, भुकेल्याला जेवू घालणं आहे, सुलतानाच्या दारी न जाणं आहे. आणि पानोपानी नमाज आहे, रोजे आहेत, कुराणपठण आहे, हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं आहेत. एक बाजू खरी आणि दुसरी नाइलाजाने चिकटलेली, असं तिथे कुठेच दिसत नाही. रात्र रात्र जागून केलेल्या इबादतीतूनच ती करुणा आली, असं त्या माणसाचं स्वतःचं म्हणणं होतं. संगीताचंही तसंच. समा, म्हणजे सूफींचं भक्तिसंगीत, ऐकण्यासाठी त्यांनी घातलेल्या अटी 'सियरुल औलिया' या चरित्रग्रंथात नोंदल्या आहेत: गाणारा प्रौढ पुरुष असावा, ऐकणाऱ्याचं चित्त ईश्वरापाशी असावं, शब्द सवंग नसावेत, वाद्यं नसावीत. आता तुझ्या कार्यक्रमातल्या ड्रम्स आणि बेस गिटारकडे बघ! ते काढ असं मी म्हणत नाही, गाणं ऐकायला मीही येणार आहे. फक्त या सगळ्याला 'सातशे वर्षांची अखंड परंपरा' म्हणू नकोस.

गझालींचा तू एका ओळीत उल्लेख केला आहेस, तोही 'धर्मशास्त्र सोडून सूफी झालेला विद्वान' असा. १०९५ मध्ये त्यांनी बगदादच्या निजामिया मदरशातलं मोठं पद सोडलं हे खरं. पण पद सोडलं म्हणजे शास्त्र सोडलं असं नव्हे. त्यानंतर लिहिलेल्या 'इह्या' या ग्रंथात चाळीस प्रकरणं आहेत आणि सुरुवातीच्या दहांत ज्ञान, श्रद्धा, शुद्धी, नमाज, जकात, रोजा, हज हेच विषय आहेत. वुजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणं, कसा करायचा इथून निघून ते ईश्वरप्रेमापर्यंत पोचतात. शरीयत (धर्मनियम), तरीकत (साधनेची वाट), हकीकत (अंतिम सत्य) असा जो क्रम सूफी सांगतात त्याचा अर्थ बहुतेक सिलसिल्यांत, म्हणजे गुरुपरंपरांत, 'पहिली पायरी चढल्यावर मोडून टाका' असा कधीच नव्हता.

मुंबईत राहतेस, तर इतक्या लांब जायचीही गरज नाही. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१). डिसेंबरात तिथली जत्रा भरते, पहिलं संदल मुंबई पोलिसांचं असतं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. पण या बाबांनी अरबीत कुराणावर भाष्य लिहिलं आणि इब्न अरबी या सूफी तत्त्वज्ञाच्या अवघड ग्रंथावर टीकाही लिहिली, हे रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना माहीत असेल? सूफी आणि आलिम (धर्मशास्त्री) ही दोन वेगळी माणसं असतात या समजाला माहीमच्या खाडीकाठीच छेद मिळतो. संहितेत त्यांना दोन परिच्छेद दे. रूमीचे दोन कमी केलेस तरी चालेल.

रूमीवर मात्र जरा थांबायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथे एकवटला आहे. तुझ्या दोन पानांत कुराणाचं नावही नाही. हा माणूस आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्यात वडिलांच्या जागी बसून शिकवणारा हनफी धर्मशास्त्री होता. १२४४ मध्ये शम्स तबरेझी हे सूफी भेटले आणि आयुष्य ढवळून निघालं, तरी तो मुसलमान असायचा थांबला नाही. सुमारे पंचवीस हजार बैतांच्या (द्विपदींच्या) मसनवी या आपल्या काव्याला त्याने प्रस्तावनेत 'धर्माच्या मुळांच्या मुळांचं मूळ' म्हटलं आहे. कुराणातल्या आयती आणि हदीस काढल्या तर तिच्या कथांचे सांधेच निखळतील. मोबाइलवर फिरतो तो रूमी बराचसा कोलमन बार्क्स या अमेरिकन कवीचा. त्यांना फारसी येत नव्हती. निकल्सन, आरबेरी यांच्या जुन्या इंग्रजी भाषांतरांवरून त्यांनी मुक्तछंदात नव्या कविता केल्या, १९९५ च्या संग्रहाने त्या जगभर गेल्या, आणि वाटेत पैगंबर, कुराण, नमाज बरंचसं गळून पडलं. उद्या मराठी न येणाऱ्या कुणी तुकोबांच्या अभंगांतून विठोबा, पंढरी आणि एकादशी काढून 'वैश्विक मित्रा'च्या कविता छापल्या, तर आपल्याला कसं वाटेल? कविता कदाचित चांगल्याही असतील. तुकोबा नसतील. बार्क्सना धंदेवाईक ठरवायची घाई मात्र नको. फिलाडेल्फियात राहणारे श्रीलंकेचे सूफी बावा मुहैयद्दीन यांना ते गुरू मानत, आणि हे काम गुरूच्या सांगण्यावरूनच चालू ठेवलं असं ते सांगत. आणखी एक: 'ये, ये, जो कोणी असशील तो ये' ही रुबाई तू रूमीच्या नावावर दिली आहेस. जुन्या हस्तलिखितांत ती त्याची म्हणून सापडत नाही. ती सहसा अबू सईद अबुल खैर या कितीतरी आधीच्या सूफीच्या नावावर सांगितली जाते.

सूफी इस्लामबाहेरचे, ही कल्पना आली कुठून? बरीचशी एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांकडून आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांकडून. त्यांना फारसी काव्य आवडलं, इस्लाम आवडत नव्हता. मग हे सौंदर्य इराणी 'आर्य' मनाचं, किंवा वेदान्तातून आलेलं, अशी सोय लावली गेली. गंमत म्हणजे सूफींना बाहेरचं ठरवणारे कट्टर लोकही त्याच निष्कर्षाला येतात, फक्त त्यांच्या तोंडी ती शिवी असते. २०१७ मध्ये पाकिस्तानात सेहवानला लाल शाहबाज कलंदरांच्या दर्ग्यात स्फोट घडवणाऱ्यांचं म्हणणं हेच होतं की हे मुसलमान नाहीत. तुझं पहिलं वाक्य मला टोचलं ते यासाठीही.

आपल्याकडच्या सुन्नी मुसलमानांच्या दोन पंथांपैकी देवबंदी म्हणजे सूफीविरोधी आणि बरेलवी म्हणजे सूफी, असा ढोबळ हिशेब चालतो. देवबंदचा मदरसा १८६६ चा. त्याच्या उभारणीतले रशीद अहमद गंगोही हे हाजी इमदादुल्लाह मुहाजिर मक्की या चिश्ती साबिरी सिलसिल्यातल्या पीरांचे मुरीद, म्हणजे शिष्य, होते. भांडण दर्ग्यावर काय करावं, उरूस कसा असावा, कुणाकडे काय मागावं यावरचं आहे, आणि ते बरंचसं घरातलं आहे.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. 'सूफी म्हणजे फक्त नियम पाळणारे मौलवी' असं लिहिलंस तर मी तेही खोडीन. रूढ नियम न मानणारे कलंदर होते, लोकनिंदा ओढवून घेणारे मलामती होते, ९२२ मध्ये बगदादेत मारला गेलेला सूफी हल्लाज होता. (त्याच्या मृत्युदंडावर बगदादचा सूफी गुरू जुनैद याने सही केली ही गोष्ट संहितेत आहे, ती काढ. जुनैद ९१० मध्येच वारला होता.) श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत 'योगसंग्राम' लिहितात आणि वारकरी त्यांना संत मानतात, तिथे सीमारेषा खरोखर पुसट आहे. नवस फेडायला दर्ग्यावर जाणारी हिंदू बाई शरीयतीचा विचार करत नाही, आणि तिची श्रद्धा मला खोटी वाटत नाही. फक्त तिचा दर्गा आणि माहिमींचं भाष्य या दोन्ही गोष्टी एकाच आवारात आहेत, आणि तुझ्या निवेदनात दोन्हींना जागा हवी.

सरकारांनाही सूफी फार आवडतात, हे लक्षात ठेव. तुर्कस्तानने १९२५ मध्ये सगळे तेक्के, म्हणजे सूफी मठ, बंद केले, रूमीच्या कोन्यातल्या मठाचं संग्रहालय केलं, आणि पुढे तेच गिरक्यांचं नृत्य पर्यटकांना दाखवलं. मुशर्रफ यांच्या काळात पाकिस्तानने सूफी परिषद नेमली. २००७ मध्ये रँड या अमेरिकी संस्थेने मुस्लिम जगातले संभाव्य मित्र म्हणून सूफींकडे बोट दाखवलं. चांगले मुसलमान आणि वाईट मुसलमान अशी वाटणी करायला 'सूफी' हा शब्द फार सोयीचा पडतो. ज्याला मजारीवर (कबरीवर) जाणं पटत नाही, तो शेजारी लगेच संशयित ठरतो. प्रेमावरच्या कार्यक्रमाने हे काम करू नये.

सूफी म्हणजे सौम्य आणि सत्तेपासून दूर, हेही सरसकट धरू नकोस. मुलतानचे सुहरावर्दी सिलसिल्याचे बहाउद्दीन झकरिया श्रीमंत होते आणि सुलतान इल्तुत्मिशच्या बाजूचे होते. अल्जीरियात फ्रेंचांशी वर्षानुवर्षं लढलेला अब्दुल कादिर हा कादिरी सिलसिल्याचा सूफी होता. हाजी अलीच्या गाभाऱ्यात स्त्रियांना मनाई करताना दर्गा ट्रस्टने आधार घेतला तो इस्लामचाच. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती मनाई उठवली.

चित्रीकरणासाठी अजमेरला जाणार आहेस असं कळलं. त्याऐवजी खुलताबादला जा. निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब तिथे आहेत. ज्याच्या टिपणांपासून मी सुरुवात केली तो अमीर हसनही तिथेच पुरला आहे. आणि जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. ती जागा, सूफीच्या पायाशी, त्याने स्वतः मागून घेतली. तुझ्या पहिल्या वाक्यात या कबरीला कुठे बसवशील ते मला सांग. तिथल्या मुजावरांना 'तुम्ही सूफी की मुसलमान?' असं चुकूनही विचारू नकोस. शिजरा, म्हणजे गुरूंची वंशावळ, विचार; गुरूपासून गुरूपर्यंत नावं मोजत ते हजरत अलींपर्यंत आणि पैगंबरांपर्यंत जातील. ती नावं तशीच ध्वनिमुद्रित कर, मागे संगीत घालू नकोस.

दुसरा खर्डा तालमी सुरू होण्याआधी पाठव. रूमीच्या अवतरणांपुढे मसनवीचं दफ्तर (खंड) आणि बैतेचा क्रमांक लिही. ज्याला क्रमांक सापडणार नाही ते अवतरण वगळ, कितीही गोड असलं तरी.

तुझा,
काका