गुंतवायला पैसे कुणाचे लागतात?

प्रश्न : मुलगी कोल्हापुरात केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. यजमान साखर कारखान्यात आहेत. तिला ‘क्लायमेट टेक’मध्ये, म्हणजे हवामान बदलावर उपाय शोधणाऱ्या नव्या तंत्रज्ञानाच्या कंपन्यांमध्ये, गुंतवणूकदार व्हायचंय. एवढे पैसे आम्ही कुठून आणायचे? मिळालेली प्लँटमधली नोकरीच धरावी असं आम्हाला वाटतं. – एक आई, शिरोळ

उत्तर : ताई, आधी पैशांची काळजी सोडा. या कामात गुंतवायचे पैसे तिचे नसतातच. विमा कंपन्या, सरकारी वित्तसंस्था, श्रीमंत घराणी सेबीकडे नोंदलेल्या फंडात साधारण आठ-दहा वर्षांसाठी पैसे ठेवतात. ते कोणत्या नव्या कंपनीत घालायचे, हे पारखणारी माणसं पगारी असतात. तुमच्या लेकीला ते काम हवंय.

आणि त्यासाठी लागणारी नजर तिला घरातच मिळाली आहे. समजा, कुणी प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या मळीच्या गाळापासून, बायोगॅस करण्याचा प्रस्ताव आणला. तेल कंपन्यांनी असा बायोगॅस विकत घ्यावा यासाठी केंद्राने आणलेल्या २०१८च्या ‘सतत’ योजनेनंतर या धंद्याकडे बऱ्याच जणांचं लक्ष गेलंय. कागदावर सगळं छान दिसतं. पण गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि प्लँट चालवायचा बारा महिने! प्रेसमड उघड्यावर पडला की कुजतो. जो गॅस विकायचा तो आधीच हवेत जातो, वर मिथेन म्हणजे कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त तापवणारा. मग साठवणार कसा? हंगाम संपल्यावर डायजेस्टरमध्ये, म्हणजे गॅस तयार होतो त्या टाकीत, घालणार काय? कारखान्यामागचे ते ढीग लहानपणापासून पाहिलेली मुलगी हे पहिल्या पाच मिनिटांत विचारेल. नुसतं एमबीए करून ही नजर येत नाही.

बायका या कामात हव्यातच, असं मला मनापासून वाटतं. माझ्या आजोळी निर्धूर चूल आली होती. धूर खरंच कमी झाला, पण भाकरी तव्यावरून काढून जाळाला लावायला तिचं तोंड पुरेना. वर्षभरात तिच्यावर फक्त अंघोळीचं पाणी तापू लागलं. रोज भाकऱ्या थापणाऱ्या आजीला चूल बांधण्याआधी कुणी काही विचारलं नव्हतं. कुठल्या यंत्राला पैसे द्यायचे हे ठरतं, तिथेही असंच होतं. वाट अगदीच नवी नाही: अंजली बन्सल यांनी मुंबईत ‘अवाना कॅपिटल’ उभी केली, प्रिया शाह यांनी ‘थिया व्हेंचर्स’. दोन्ही फंड याच क्षेत्रातले. पण अशा बायका अजून फार थोड्या आहेत.

तेव्हा प्लँटमधली नोकरी तिने जरूर घ्यावी, पण दोन-तीन वर्षांसाठी, आणि डोळे उघडे ठेवून. वाफेला, विजेला, दुरुस्तीला किती खर्च येतो, प्लँट बंद पडला की दिवसाला किती बुडतात, हे वहीत टिपत जावं. सोबत ताळेबंद वाचायला शिकावं. एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेच्या परीक्षा नोकरी सांभाळून देता येतात. मग पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर किंवा आयआयटी मुंबईचं ‘साइन’ अशा नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणाऱ्या ठिकाणी कामाची संधी शोधावी. तिथे नव्या कंपन्या अगदी कच्च्या असताना बघायला मिळतात. तिथून एखाद्या फंडात ॲनालिस्ट, म्हणजे कंपन्या पारखणारी, म्हणून जाता येतं. सुरुवातीला पगार प्लँटपेक्षा कमीही असेल, तेवढी तयारी ठेवा.

एक काम मात्र तुमचं आणि यजमानांचं. घरात सोसायटीचं कर्ज, ठेवी, उसाचं बिल असा विषय निघाला की मुलगी चहा ठेवायला उठते, आणि आपणही उठू देतो. येत्या रविवारी चहा यजमानांना करू द्या. पासबुकं आणि बिलं तिच्यापुढे ठेवा आणि विचारा, यंदा ठिबकसाठी कर्ज काढावं का? ती काय आकडेमोड करते ते शेवटपर्यंत ऐका.