ओ-पेअर म्हणून जर्मनीला जाताना

प्रश्न : मी २३ वर्षांची, नाशिकची. जर्मनीत ओ-पेअर म्हणून, म्हणजे तिथल्या एका कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायला आणि भाषा शिकायला, जायचं आहे. ते कुटुंब म्हणतं, मुलं सांभाळून घरची सगळी साफसफाईही करावी लागेल. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि हे निघण्यापूर्वीच स्पष्ट करून घ्या. ओ-पेअर म्हणजे मोलकरीण नव्हे. मुलांकडे पाहणं आणि हलकं घरकाम मिळून दिवसाला ६ आणि आठवड्याला ३० तास, यापुढे नाही. संध्याकाळी मुलं झोपल्यावर घरी थांबणं हेही कामाचे तासच. गफलत बहुधा इथेच होते. म्हणून रोजचे तास वहीत लिहून ठेवा. महिन्याला २८० युरो हातखर्च, स्वतंत्र खोली, जेवण, विमा आणि भाषावर्गासाठी ७० युरो कुटुंबाने द्यायचे असतात. हे सगळं करारात लेखी हवं. व्हिसासाठी किंवा 'नोंदणी'साठी कुटुंबच पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा.

अर्ज करताना वय २७ च्या आत हवं आणि जर्मन किमान ए१, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीची. पुणे-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात ही परीक्षा होते.

पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात पत्त्याची नोंदणी करा. आणि एक अगदी घरगुती गोष्ट : तिकडे बहुतेक घरांचं दार नुसतं ओढून लावलं तरी बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला निघालात तरी किल्ली खिशात हवीच. आत लहान मूल एकटं अडकलं तर फार कठीण प्रसंग येतो.