भोक सैल झालंय, स्क्रू नाही

"कपाटाचं दार लोंबतंय, बिजागरीचा स्क्रू नुसता गरगर फिरतो, जाडा आणि लांब स्क्रू मारू का?" हे वाचलं, सोबतचा फोटो पाहिला आणि राहवलं नाही. नका मारू! मी मारलाय.

तेव्हा घरात होता तो 25 मिलिमीटरचा स्क्रू घेतला आणि जोर लावून पिळला. मस्त बसला. दार लावून बाहेरून बघतो तर सनमायकाला फोड, आणि फोडातून स्क्रूचं टोक डोकावतंय. फळी 18 मिलिमीटरची, हे मोजायचं सुचलंच नाही. त्यात पार्टिकल बोर्ड, म्हणजे दाबलेला भुसाच. जाड्या स्क्रूने आतून तो आणखी पोखरला.

त्याआधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तीन वेळा फोन केला होता. दर वेळी नवा तक्रार क्रमांक, दर वेळी "फोटो पाठवा". शेवटी उत्तर आलं की वॉरंटी बिजागरीला आहे, भोकाला नाही. असो, तो विषय काढला की माझं डोकं फिरतं.

शेवटी कामाला आल्या आगपेटीच्या काड्या. आधी काडीचा गूल मोडून टाका, हे विसरू नका. काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासा, अगदी मावेनाशा होईपर्यंत. बाहेर राहिलेलं ब्लेडने सपाट कापा. मग 24 तास हात लावायचा नाही. मी चार तासांत घाई केली आणि काड्यांचा अख्खा गठ्ठा स्क्रूबरोबर बाहेर आला. नंतर जुनाच स्क्रू, हातानेच पिळायचा, ड्रिलने नाही. फेविकॉल वाळेपर्यंत दाराखाली जुन्या वह्यांची चळत ठेवा, नाहीतर सगळं वजन उरलेल्या बिजागरीवर येतं आणि तीही सैल होते.

जाता जाता, स्क्रूची खाच झिजली असेल तर मध्ये रुंद रबरबँड धरून स्क्रू ड्रायव्हर दाबा. बऱ्याचदा सुटतो.

मी सुतार नाही, हे माझ्या दारापुरतं. माझं तरी अजून टिकलंय. पण तुमच्या फोटोत खालच्या बिजागरीपाशी फळी फुगल्यासारखी दिसतेय. पाणी मुरलं असेल तर तिथे काड्याही धरणार नाहीत. बिजागरी चार बोटं वर, कोरड्या जागी सरकवा, आणि नवं भोक पाडण्याआधी फळीची जाडी मोजा.